लातूरकराने मासे पाळावेत का?

"गाव कुठलं तुमचं?"
"लातूर."
"आणि छंद वगैरे?"
"मासे पाळतो. म्हणजे नुसते पाळत नाही, त्यांची पिल्लं काढतो."

इथे समोरचा माणूस हसतो. हमखास हसतो. २०१६ नंतर तर जास्तच, कारण त्या वर्षापासून लातूर म्हटलं की लोकांना शिक्षणाचा लातूर पॅटर्न आठवत नाही, पाण्याची रेल्वे आठवते. ज्या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाने मासे पाळायचे म्हणजे वाळवंटात होडी विकत घेण्यासारखं. पूर्वी मीही त्यांच्याबरोबर हसायचो. आता हसतो, पण आधी थोडा थांबतो. का ते शेवटी सांगतो.

आधी माशांबद्दल.

मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या पोरांना पहिला ओळखीचा मासा म्हणजे गप्पी. मलेरियावाले विहिरीत आणि हौदात सोडायचे तो. डासांच्या अळ्या खातो, पिल्लं घालतो, कोणाचं काही मागत नाही. आमच्या हौदातले गप्पी मी हॉर्लिक्सच्या बरणीत आणून ठेवले होते, तिथून हा रोग सुरू झाला. पुढे पुण्यात नोकरी लागली, हातात पगार आला आणि रोग बळावला. दर सुट्टीला लातूरला येताना पिशवीत मासे. निऑन आणले, मेले. एंजल आणले, जगले पण अंडी दरवेळी पांढरी पडायची. डिस्कसचं तर नावच काढू नका, पाच मासे आणि अर्धा पगार एका आठवड्यात गेला.

दोष माशांत नव्हता, पाण्यात होता. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे काय चीज आहे ते ज्यांच्या बादल्यांना पांढरी पुटं चढतात आणि गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदलावी लागते त्यांना सांगायला नको. काळ्या बेसॉल्टच्या फटीतून येणारं जड पाणी. टीडीएस मीटर बुडवला तर आकडा ९०० च्या पुढे, पीएच आठच्या आसपास. निऑन आणि डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथलं पाणी पालापाचोळ्यातून आलेलं, मऊ आणि आम्लधर्मी. त्यांना आमच्या बोअरमध्ये टाकणं म्हणजे कोकणातल्या माणसाला मे महिन्यात उदगीरला नेऊन बसवणं.

मग मी काय केलं? जे प्रत्येक इंजिनिअर करतो ते. पाणी बदलायला निघालो. आरओ बसवला. एक बादली चांगलं पाणी काढायला दोन-तीन बादल्या गटारात. लातूरमध्ये! आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाण्याला बदलण्यापेक्षा माशाला बदल की रे." पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण एवढा चांगला डिझाइन रिव्ह्यू माझा कोणी केला नाही.

जड पाण्यात कोण खुशीत राहतं हे शोधता शोधता रेनबो मासे सापडले. हे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी या भागातले. त्यातला मला हवा होता तो बोसमनी. दुकानदार असंच म्हणतात, खरं शास्त्रीय नाव मेलानोटेनिया बोएसेमानी. इंडोनेशियातल्या पश्चिम पापुआत, न्यू गिनी बेटाच्या पक्ष्याच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या टोकावर आयामारू नावाची तळी आहेत, तिथला हा मासा. मारिनस बोएसेमान या डच मत्स्यतज्ज्ञाने १९५० च्या दशकात तिथून नमुने आणले, ते संग्रहालयात बाटलीत पडून राहिले. १९८० मध्ये ॲलन आणि क्रॉस यांनी त्याचं रीतसर वर्णन करून बोएसेमानचं नाव दिलं. १९८२ मध्ये जेराल्ड ॲलन आणि हायको ब्लेहर तिथे गेले आणि जिवंत मासे हौशी लोकांपर्यंत पोचले. मग जे व्हायचं तेच झालं, तळ्यातून मासे बेसुमार पकडले गेले. आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. दुकानात दिसतात ते जवळपास सगळे शेततळ्यांत आणि टाक्यांत वाढवलेले असतात.

हा मासा दुकानात बघितला तर तुम्ही विकत घेणार नाही. लहानपणी अगदी मळका, चांदीचा मुलामा उडालेल्या चमच्यासारखा. नराला रंग यायला सहा महिने ते वर्ष लागतं. पण आला की मग बघा. पुढचा अर्धा भाग निळसर जांभळा, मागचा अर्धा पिवळा-केशरी, जणू दोन वेगळे मासे मधोमध जोडलेत. सकाळी उन्हाची तिरीप टाकीवर पडली की नर मादीपुढे पंख ताठ करून नाचतात आणि कपाळावरून पाठीकडे जाणारी एक रेघ दिवा लागावा तशी चमकते, विझते, पुन्हा चमकते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऑफिसचा कॉल चालू होता. कॉलमध्ये काय ठरलं ते मला अजून माहीत नाही.

आता यंत्रणा. २०१४ च्या दिवाळीत लातूरच्या घरी गच्चीवरच्या खोलीत व्हर्जन एक उभं केलं. लोखंडी अँगलचा रॅक, दोन मजले, दोन फुटी आठ टाक्या, प्रत्येकीत साधारण ६० लिटर. खाली दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात जाळी, फोम आणि एक पंप. शिवाय मोठ्या माशांसाठी वेगळी चार फुटी टाकी. सगळं मिळून सव्वाआठशे लिटर.

रॅकला पहिला विरोध अण्णांचा. सव्वाआठशे लिटर म्हणजे सव्वाआठशे किलो, वर काच आणि लोखंड वेगळं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यात ज्यांनी पाहिली आहे ते स्लॅबवर काही जड ठेवायचं म्हटलं की आधी वर बघतात. किल्लारीनंतर आम्ही कित्येक रात्री अंगणात झोपलो होतो. त्यामुळे अण्णांची समजूत घालण्यासाठी ओळखीचे सिव्हिल इंजिनिअर आणले. त्यांनी रॅक खोलीच्या मधे न ठेवता बीमवर, भिंतीला लावून ठेवायला सांगितला. अण्णांनी खडूने रेघ मारली. त्या रेघेच्या पुढे रॅक यायचा नाही. विषय संपला.

डिझाइन असं की ड्रममधलं पाणी पंपाने वर, एका पाइपातून आठही टाक्यांत. जास्त झालेलं पाणी भोकातून खाली, गाळून पुन्हा ड्रममध्ये. कागदावर फार सुंदर दिसत होतं. पहिल्याच आठवड्यात रात्री लाइट गेली आणि सकाळी आईने फोन केला की जिन्यावरून ओढा वाहतोय.

झालं होतं असं. पाणी आणणाऱ्या पाइपांची तोंडं मी टाकीत सात-आठ सेंटिमीटर बुडवून ठेवली होती, आवाज होऊ नये म्हणून. पंप बंद पडला तसं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागलं. एका टाकीत ६० बाय ३० सेंटिमीटरचा पृष्ठभाग, त्याचे साडेसात सेंटिमीटर म्हणजे साडेतेरा लिटर. आठ टाक्यांचे १०८. ड्रममध्ये रिकामी जागा होती साठ लिटरची. उरलेले ४८ लिटर जिन्यावर. इलाज काय, तर प्रत्येक पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक. पाणी तिथवर उतरलं की पाइपात हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. एका खिळ्याचं काम. प्रॉडक्शनमध्ये टाकण्याआधी टेस्टिंग करावं हे मी दिवसभर ऑफिसात ज्युनिअर पोरांना शिकवत होतो :)

मी पुण्यात, टाक्या लातूरला. म्हणजे रोजचं काम कोणाचं? अण्णांचं. नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. आधी "मी काही तुझ्या मासोळ्यांचा गडी नाही" म्हणाले. दोन महिन्यांत माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळायला लागलं.

रेनबो एकदम अंडी घालत नाहीत, रोज थोडी थोडी घालतात. प्रत्येक अंड्याला चिकट धागा असतो, तो पाणवनस्पतीला अडकतो. वनस्पतीऐवजी आम्ही लोकरीचा झुपका वापरतो, त्याला मॉप म्हणतात. गंजगोलाईतून गडद हिरवी लोकर आणायची, वहीभोवती गुंडाळायची, एका बाजूने कापायची, उकळून रंग काढून टाकायचा आणि थर्माकोलच्या तुकड्याला बांधून टाकीत सोडायची. हे आईचं खातं. अण्णा रोज सकाळी चष्मा लावून मॉप उलगडायचे आणि खसखशीएवढी पारदर्शक अंडी बोटांनी काढून वेगळ्या डब्यात ठेवायचे. तिथेच राहिली तर आईबापच खातात. शाळेच्या हजेरीवहीसारखी वही केली होती. तारीख, अंडी किती, पांढरी किती, फुटली किती.

सात ते दहा दिवसांत अंडी फुटतात आणि खरी परीक्षा सुरू होते. पिल्लू पापणीच्या केसाएवढं. तोंड त्याहून बारीक. पाण्याच्या अगदी वरच्या थरात लटकून राहतं. दुकानातलं कुठलंही खाद्य त्याच्या तोंडात मावत नाही. त्याला लागतं हिरवं पाणी आणि डोळ्याला न दिसणारे जीव. कोबीचं पान टाकलेली बरणी उन्हात ठेवून ते तयार करायचे, वास सहन करायचा. आठ-दहा दिवसांनी मग आर्टेमिया. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगायची, मिठाचं पाणी भरायचं, हवा सोडायची, चोवीस तासांत केशरी ठिपके पोहायला लागतात. पहिल्या तीन खेपांची सगळी पिल्लं उपाशी मेली. चौथ्या खेपेला अण्णांनी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायला सुरुवात केली आणि सत्तावीस जगली. फोनवर आकडा सांगताना त्यांचा आवाज दहावीचा निकाल सांगावा तसा होता.

२०१५ च्या अखेरीला आमच्याकडे दीडशेच्या आसपास पिल्लं होती. आणि त्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता.

मांजरा धरण आटलं. नळ बंद झाले. फेब्रुवारीत आमचा बोअर हवा ओढायला लागला, मग तेही थांबलं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, घरटी दोनशे लिटर. मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लागलं. भांडणं होतील म्हणून. लहानपणापासून १४४ म्हणजे दंगल एवढंच माहीत होतं.

टाक्यांचं पाणी बदलणं आम्ही जानेवारीतच बंद केलं होतं. पण लातूरचा उन्हाळा, त्यात बुडबुडे सोडणारे पंप. पृष्ठभाग रोज अर्धा सेंटिमीटर खाली जायचा. हिशोब केला तर सगळ्या टाक्या मिळून रोज दहा लिटर पाणी नुसतं हवेत. वरून पाणी घालत राहिलं तरी क्षार मागेच राहतात, त्यामुळे टीडीएस ९०० वरून १५०० वर गेला. अंडी फुटायची थांबली. अण्णा हे सगळं वहीत लिहीत होते. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असायची, म्हणून फोटो स्टुडिओवाल्याकडून हायपोचे खडे आणून क्लोरीन मारत होते. मी पुण्यातून फोनवर सूचना देत होतो. झाकणं नीट लावा, ओलं गोणपाट खिडकीला बांधा. गोणपाट ओलं करायला पाणी लागतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी फोनवर सहज सांगावं तसं सांगितलं. शेजारच्या काकू टँकरच्या रांगेत म्हणाल्या होत्या, "काय ओ सर, तुमच्या मासोळ्याला पाणी मिळलालंय, आन् आमाला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"
"काय म्हणणार? खरंच आहे की."

मी लगेच आकडे काढले. टाकीतलं पाणी पिण्यासारखं नाहीच. ते आधीपासूनच भरलेलं आहे, नवीन फक्त दहा लिटर. आपण आपल्या वाट्याच्या दोनशेतूनच घालतो, कोणाचं घेत नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दहा लिटर म्हणजे एक घागर. तुझी आई दोन महिने झाले एक दिवसाआड अंघोळ करते. तुला सांगितलं नव्हतं."

मिरजेहून पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी येऊ लागली. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरून कृष्णाकाठचं पाणी. टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. त्याच आठवड्यात शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने मी लातूरला गेलो आणि शनिवारी सकाळी टाक्या रिकाम्या करायला घेतल्या.

नळी लावून बादल्या भरत होतो. सव्वाआठशे लिटर म्हणजे आमच्या घरच्या चार टँकरपाळ्या. संडासाला, फरशीला, भांड्यांच्या पहिल्या हाताला चालेल असं पाणी. अण्णांनी गल्लीत सांगून टाकलं. लोक बादल्या घेऊन जिना चढून वर आले. त्यातल्या निम्म्या लोकांनी ती खोली पहिल्यांदा बघितली. काकूही आल्या. मला वाटलं काही बोलतील. रॅककडे बघून म्हणाल्या, "लई कष्ट केलाव की ओ सर." आणि आठ बादल्या नेल्या. आठव्या बादलीत एक पिल्लू गेलं, ते त्यांच्या नातवाने धावत परत आणून दिलं.

पिल्लं आणि अकरा मोठे मासे नांदेडला हलवायचे ठरले. इंजिनिअरिंगचा माझा एक मित्र तिथे गोदावरीपासून जवळच राहतो, त्याच्या अंगणात हौद. नांदेडलाही त्या उन्हाळ्यात पाण्याची चैन होती असं नाही, पण हौद भरलेला होता आणि मित्र "आण बे" म्हणाला. रविवारी पहाटे चारला जीप काढली, मासे झाकणवाल्या कॅनमध्ये, बॅटरीवरचे पंप लावून. चाकूर, अहमदपूर, लोहा. साडेतीन तास. वाटेत टँकरच टँकर. अहमदपूरच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने कॅनमध्ये काय आहे विचारलं. मी "औषध" म्हणालो. मासे म्हणायची लाज वाटली.

हौदाचं पाणी मे महिन्यात ३३ अंशांवर गेलं. पिल्लांतली निम्मी वाचली, ती एका दुकानदाराला देऊन टाकली. अकरातले पाच मोठे उरले. दोन नर, तीन माद्या. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरच्या शेवटी, असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. अण्णांनी फोन करून धरणाचं सांगितलं आणि मग, "पाच आहेत ना अजून?"

२०१९ पासून मी नांदेडलाच राहतो आणि घरूनच काम करतो. व्हर्जन दोन इथे आहे. त्यात एकच ड्रम नाही. प्रत्येक टाकीला स्वतःचा स्पंज फिल्टर, सगळ्यांना हवा एका पीव्हीसी पाइपाच्या वेटोळ्यातून, पंप इन्व्हर्टरवर. एका टाकीत रोग आला तर तिथेच थांबतो, लाइट गेली तर जिना कोरडा राहतो. टाक्या आठच्या जागी पाच. रॅकवर जागा अजून तीनची आहे, पण टाक्या किती हे आता मी जागेवर ठरवत नाही.

गच्चीचं पावसाचं पाणी दोन मोठ्या टाक्यांत साठवतो, उरलेलं बोअरच्या खड्ड्यात सोडतो. नांदेडला वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. साठ चौरस मीटरची गच्ची म्हणजे कागदावर ५४ हजार लिटर. निम्मं वाया गेलं तरी किती राहतं बघा! बोअरचं जड पाणी आणि पावसाचं मऊ पाणी निम्मं निम्मं मिसळलं की बोसमनींना अगदी मानवतं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला, पेरूला आणि लिंबाला जातं. माशांच्या घाणीचं पाणी झाडांना खतासारखं. थेंब दोनदा वापरल्याशिवाय घराबाहेर जात नाही.

आणि एक नियम भिंतीवर लिहिला आहे, अण्णांच्या अक्षरात. बोअरची मोटार अर्ध्या तासात हवा ओढायला लागली की त्या वर्षी मॉप टाकायचा नाही. आहेत ते मासे जगवायचे, नवीन तोंडं आणायची नाहीत. २०२३ मध्ये ऑगस्ट कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात हा नियम लागू झाला. अण्णा आले होते, रिकाम्या टाक्या बघून म्हणाले, "यंदा पोरं नाहीत?"

"नाही अण्णा. मोटार वीस मिनिटं चालते."
"बरं केलंस," म्हणाले आणि उगाचच मोठ्या टाकीची काच पुसायला लागले.

तर लातूरकराने मासे पाळावेत का? माझं उत्तर हो असंच आहे. पण शेजाऱ्यांना जिना चढून वर बोलावता येईल अशा बेताने. २०१६ मध्ये मी ते आधी केलं नाही, काकूंनी म्हटल्यावर केलं. तेवढं मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

असो. यंदा मोटार व्यवस्थित चालते आहे. आईने नवीन मॉप करून पाठवलाय, यावेळी लोकर निळी आहे, हिरवी मिळाली नाही म्हणे. माशांना रंग कळतो का ते आता दिसेलच. साडेसात वाजले, ऊन टाकीवर आलं असेल. मी अंडी बघून येतो.